पुसलेल्या रस्त्याचे शिक्के

या पासपोर्टवर कुठल्या सरकारची मोहोर नसते, तुमचा फोटो नसतो आणि तो तपासायला नाक्यावर अधिकारीही बसलेला नसतो. कोटाच्या खिशात मावेल एवढी वही. आत राज्यवार पानं, पानांवर चौकोन आणि चौकोनाखाली एखाद्या संग्रहालयाचं, मोटेलचं, जुन्या पेट्रोलपंपाचं नाहीतर कॅफेचं नाव. त्या ठिकाणी गाडी थांबवायची, आत जायचं आणि गल्ल्यामागच्या माणसासमोर वही उघडायची. तो खणातून रबरी शिक्का आणि शाईचं पॅड काढतो. कुठे शिक्का दोरीने टेबलाला बांधून ठेवलेला असतो, कुठे मालकीणबाई तो स्वतःच्या हाताने उमटवतात आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू नका म्हणून बजावतात. शिक्क्यावर कधी ढालीच्या आकारातला ६६ हा आकडा, कधी निऑनची पाटी, कधी एखादी जुनी मोटार. खाली गावाचं नाव.

रस्त्याचं नाव रूट ६६. शिकागोहून निघून आठ राज्यं ओलांडत तो कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या समुद्रापाशी संपतो. लांबी २,४४८ मैल, म्हणजे सुमारे ३,९४० किलोमीटर. आणि सरकारदरबारी हा रस्ता आज नाही. जून १९८५मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून वगळला गेला आणि त्याच्या पाट्या उतरवल्या गेल्या. ज्याला क्रमांक नाही, सलग मार्ग नाही, अशा रस्त्याचा पासपोर्ट घेऊन जगभरातले लोक दरवर्षी निघतात. मला या वहीचं अप्रूप वाटतं ते यामुळेच. शिक्का हवा तर थांबावं लागतं. आणि हा रस्ता आज जो काही जिवंत आहे, तो थांबणाऱ्यांच्या जिवावर.

शिक्के गोळा करत प्रवास करण्याची हौस जुनी आणि पुष्कळ देशांतली. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवरचे यात्रेकरू मुक्कामामुक्कामावर आपल्या पत्रिकेवर शिक्के घेतात आणि ते दाखवल्यावरच त्यांना शेवटी यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. जपानमध्ये देवळांचे शिक्के गोळा करायची परंपरा आहेच. १९३१ पासून तिथल्या रेल्वे स्टेशनांवरही स्मरणशिक्के ठेवले जाऊ लागले. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा पासपोर्ट १९८६ साली निघाला. त्यात टपालखात्यासारखा तारखेचा गोल शिक्का मिळतो. रूट ६६च्या वह्या या सगळ्यांच्या धाकट्या भावंडांसारख्या आहेत. एक सर्वमान्य वही अशी नाही. इलिनॉय, ओक्लाहोमा अशा राज्यांनी आपापल्या काढल्या, काही विक्रेत्यांनी सबंध रस्त्याच्या काढल्या, आणि पुष्कळ प्रवासी साधी कोरी डायरी घेऊनच निघतात. मला ही कोरी डायरी सर्वांत आवडते. छापलेल्या चौकोनात नाव नसलेल्या दुकानाचा शिक्काही तिच्यात बसतो.

रस्त्याची सुरुवात शिकागोत ॲडम्स रस्त्यावर आहे. तिथे ‘सुरुवात’ सांगणारी तपकिरी पाटी आहे आणि तिच्यापासून काही पावलांवर मिशिगन ॲव्हेन्यू. समोर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलायला उभे राहिले. समोरच्या रस्त्याच्या त्या तुकड्याला आज त्यांचं नाव आहे. मराठी प्रवाशाची पावलं पाटीआधी तिकडे वळतात, आणि वळावीत.

विवेकानंद तिथे आले तेव्हा या रस्त्याचा मागमूसही नव्हता. तो सुचला टल्साच्या सायरस ॲव्हरीला. ओक्लाहोमातला हा तेल आणि जमिनींच्या व्यवहारातला माणूस चांगल्या रस्त्यांसाठी झपाटलेला होता. १९२५ साली देशातल्या मोटारमार्गांना नावांऐवजी क्रमांक द्यायचं ठरलं, तेव्हा ते काम करणाऱ्या मंडळावर तो होता. शिकागोहून पश्चिमेला जाणारा सरळ मार्ग डोंगरांमधून जातो. ॲव्हरीने आखलेला मार्ग आधी दक्षिणेला उतरतो, त्याच्या स्वतःच्या राज्यातून आडवा जातो आणि मग पश्चिमेला लागतो. आपल्या गावाचं भलं व्हावं हा हेतू त्यात होताच, पण हवामान मवाळ आणि चढ कमी हेही खरं होतं.

क्रमांकाचं भांडण तर वाचण्यासारखं आहे. ॲव्हरीला ६० हा आकडा हवा होता. शून्याने संपणारे आकडे देशभर आडवे जाणाऱ्या मोठ्या मार्गांसाठी राखलेले, त्यामुळे त्यांना मान. केंटकीचे गव्हर्नर विल्यम फील्ड्स संतापले, कारण त्यांच्या राज्यातून असा एकही मार्ग जात नव्हता. महिनोन्‌महिने पत्रं आणि तारा गेल्या. शेवटी ३० एप्रिल १९२६ रोजी मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डमधून वॉशिंग्टनला तार गेली की साठ नसेल तर ६६ चालेल. तो आकडा मोकळा होता. ११ नोव्हेंबर १९२६ला सगळ्या योजनेवर शिक्कामोर्तब झालं. या तारेमुळे स्प्रिंगफील्ड स्वतःला रस्त्याचं जन्मगाव म्हणवतं, आणि टल्सा म्हणतं की जन्मदाता आमचा. २०२६ हे शताब्दीचं वर्ष. दोघांनाही साजरं करायला पुरेसं निमित्त आहे.

जन्माच्या वेळी हा ‘महामार्ग’ होता कसा? जेमतेम आठशे मैल पक्का, उरलेला खडी, माती आणि फळ्या. सगळा रस्ता पक्का व्हायला १९३८ उजाडलं. ओक्लाहोमात मायामी आणि ॲफ्टन या गावांच्या दरम्यान त्या काळाची एक खूण टिकून आहे. तिथला जुना रस्ता फक्त नऊ फूट रुंद आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पैसे कमी होते; पूर्ण रुंदीचा अर्धा रस्ता बांधण्यापेक्षा अर्ध्या रुंदीचा पूर्ण रस्ता त्यांनी बांधला. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक चाक खाली उतरवायचं. आजही दोन्हीकडे शेतं आहेत, खडी उखडलेली आहे, कडेचा काँक्रीटचा काठ तेवढा शाबूत आहे. तिथे दुकान नाही, म्हणून शिक्काही नाही. तरी वहीत एक कोरं पान या तुकड्यासाठी सोडावं असं मी प्रत्येकाला सांगते.

पुढच्या तीस वर्षांत या रस्त्याने काय काय पाहिलं, ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं. धुळीच्या वादळांनी शेती बुडाली तेव्हा ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्साची कुटुंबं याच रस्त्याने गाद्या आणि भांडी गाडीला बांधून पश्चिमेला निघाली. जॉन स्टाइनबेकने १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीत त्याला मदर रोड म्हटलं. युद्धात लष्करी ट्रकांची रांग लागली. युद्धानंतर सुट्टीला निघालेल्या कुटुंबांची. १९४६ला बॉबी ट्रूपचं गाणं आलं, नॅट किंग कोलने ते गायलं आणि रस्ता घराघरांत पोचला. तेव्हाही लोक खुणा गोळा करत होतेच. गाडीच्या काचेवर राज्याराज्यांची चिकटचित्रं, मोटेलच्या काड्यापेट्या, शिकागोच्या कर्ट टाइक छापखान्यातली तागाच्या कापडासारख्या पोताची रंगीत पोस्टकार्डं. आजची वही त्याच हौसेची पुढची पायरी आहे.

मग १९५६ चा कायदा आला आणि आंतरराज्य महामार्ग सुरू झाले. चार पदरी, फाटे नाहीत, सिग्नल नाहीत, गावं नाहीत. ६६ची जागा एका रस्त्याने घेतली नाही. शिकागो ते सेंट लुईस ५५, तिथून ओक्लाहोमा सिटीपर्यंत ४४, बार्स्टोपर्यंत ४०, मग १५, शेवटी १०. पाच रस्त्यांनी मिळून तो तुकड्यातुकड्याने गिळला. प्रत्येक गावाची वेगळी तारीख आहे. द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या हॉटेलांची जी गत झाली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की वाळवंटातल्या गावाला दुसरा आधार नसतो. शेवटचं गाव ॲरिझोनातलं विल्यम्स. १३ ऑक्टोबर १९८४ला त्याच्या बाहेरून नवा रस्ता सुरू झाला आणि पुढच्या वर्षी क्रमांकच रद्द झाला.

विल्यम्सच्या पश्चिमेला सेलिगमन आहे. २२ सप्टेंबर १९७८ ही त्याची तारीख. आदल्या दिवसापर्यंत मुख्य रस्ता ओलांडायला थांबावं लागे. दुसऱ्या दिवशी गाड्याच नव्हत्या. तिथे एंजल डेल्गादियो नावाचे न्हावी होते. १९२७चा जन्म, याच गावातला. वडीलही न्हावी, त्यांची खुर्ची अजून दुकानात आहे. गिऱ्हाईक गेलं तरी एंजल गेले नाहीत. सरकारने रस्ता काढून घेतला असेल तर सरकारनेच तो परत द्यावा, ही त्यांची मागणी होती. १९८७च्या फेब्रुवारीत गावातली, आसपासची माणसं जमवून त्यांनी ॲरिझोनाची रूट ६६ संस्था काढली आणि त्याच वर्षी राज्याने सेलिगमन ते किंगमन हा तुकडा ‘ऐतिहासिक रूट ६६’ म्हणून जाहीर केला. त्यानंतर इतर राज्यांतही संस्था उभ्या राहिल्या. आज जी तपकिरी पाटी रस्त्यावर दिसते, तिच्यामागे एका न्हाव्याचा हट्ट आहे. त्यांचं केशकर्तनालय आता भेटवस्तूंच्या दुकानाला जोडलेलं आहे. सेलिगमनची गोष्ट पिक्सारच्या २००६ च्या ‘कार्स’ या चित्रपटात बरीचशी उतरली आहे, त्यामुळे लहान मुलं इथे आई-वडिलांना ओढत आणतात.

मला इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. हा रस्ता इमारतींच्या जतनाने वाचला असं म्हणतात, ते अर्धंच खरं. १९९९ साली केंद्राने रूट ६६च्या जतनासाठी कायदा केला, राष्ट्रीय उद्यान सेवेने अनुदानं दिली, त्यातून निऑन पाट्या पुन्हा पेटल्या, पंपांची छपरं दुरुस्त झाली. ते मोलाचं काम आहे. पण पाटी पेटली म्हणून मोटेल चालत नाही. खोली कुणीतरी घ्यावी लागते. ज्या गावात प्रवासी फक्त फोटो काढून पुढे जातो, त्या गावाला त्याचा उपयोग नाही. शिक्क्यासाठी मात्र दाराच्या आत जावं लागतं. आत गेलं की कॉफी घेतली जाते, ‘इकडे कुठून’ असं विचारलं जातं, पुढचा पूल बंद असल्याचं कळतं. शिक्का फुकट असतो, आणि तरी दुकानदाराचं त्यात भलं होतं.

ओक्लाहोमात हे सगळ्यांत नीट दिसतं. ६६चे चारशेहून अधिक मैल या राज्यात आजही गाडीने जाता येतात. त्याआधी इलिनॉयमध्ये रस्ता महामार्गाला चिकटून जातो. पाँटियॅकचं संग्रहालय, बॉब वॉल्डमायर या भटक्या चित्रकाराची तिथे ठेवलेली फोक्सवॅगन व्हॅन आणि इलिनॉयच्याच स्प्रिंगफील्डला त्याच्या वडिलांनी सुरू केलेलं कोझी डॉग हे खाण्याचं ठिकाण, एवढ्यासाठी जरूर थांबावं. मिसूरीच्या वेशीवर मिसिसिपी नदीवरचा चेन ऑफ रॉक्स पूल आहे. १९२९ चा, मैलभर लांब आणि मधोमध वाकडा. आता तो फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. कॅन्ससचा वाटा जेमतेम तेरा मैलांचा. पण गलीना गावात तो जुना ओढगाडीचा ट्रक उभा आहे, ज्याच्यावरून ‘कार्स’मधला मेटर सुचला. आणि मग ओक्लाहोमा सुरू होतं. इथे घाई करू नये.

कटूसाच्या तळ्यात एक निळा देवमासा आहे. प्राणिसंग्रहालयात आयुष्य घालवलेल्या ह्यू डेव्हिसने तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटने बांधला. बायकोला, झेल्टाला, देवमाशांच्या लहान मूर्ती गोळा करायची आवड होती. लग्नाच्या वाढदिवसाला तिला एक मोठा द्यावा असं त्याच्या मनात आलं. ऐंशी फूट लांब. घरच्या नातवंडांनी त्याच्या शेपटीवरून पाण्यात उड्या मारल्या, मग गावातल्या मुलांनी, मग प्रवाशांनी. रस्त्यावरच्या सगळ्या अवाढव्य मूर्तींत, म्हणजे पंपांवरचे राक्षस, अंतराळवीर, बाटल्या, यांत, हा मात्र असा आहे की जो काही विकायला बांधलेला नव्हता. त्याचा ठसा वहीत असावाच.

कटूसाच्या थोडं अलीकडे फॉयल लागतं. तिथे एका धावणाऱ्या तरुणाचा पुतळा आहे. अँडी पेन, चेरोकी वंशाचा शेतकऱ्याचा मुलगा. १९२८ साली लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी धावण्याची शर्यत लावली गेली, आणि नव्या रस्त्याची जाहिरात व्हावी म्हणून तिचा पहिला मोठा भाग ६६वरून नेला गेला. १९९ जण निघाले, ५५ पोचले. विसाव्या वर्षी अँडी पेन ८४ दिवसांत जिंकला आणि २५,००० डॉलर घेऊन घरी आला. त्या पैशांतून वडिलांच्या शेतावरचं कर्ज फिटलं. त्याच शर्यतीत सिअ‍ॅटलचा एडी गार्डनर हा कृष्णवर्णीय धावपटूही होता. टेक्सास आणि ओक्लाहोमात त्याला जिवे मारण्याच्या धमक्या मिळाल्या, बंदूकधाऱ्यांनी पाठलाग केला. तोही न्यूयॉर्कला पोचला. पुतळा पाहताना ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते.

कारण थांबणं हे या रस्त्यावर सगळ्यांना सारखं नव्हतं. हार्लेममधला पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने १९३६ साली एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल भरताना अपमान होणार नाही, याची ती यादी होती. ‘ग्रीन बुक’ तीस वर्षं निघत राहिली आणि त्यात ६६वरचे पत्तेही होते, पण विरळ. रस्त्यालगतच्या निम्म्याच्या आसपास तालुक्यांत सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीय माणसाने दिसू नये असा दंडक होता. कँडसी टेलर या अभ्यासक बाईंनी हे गावोगावी फिरून नोंदवलं आहे. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबं डबे घरून घेत, पाणी घेत, गाडीत जास्तीचं पेट्रोल ठेवत आणि रात्रभर गाडी चालवत राहत.

ओक्लाहोमात ल्यूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा पंप आहे. स्वतःच्या जमिनीतल्या खाणीचा वालुकाश्म काढून बांधलेली ती छोटी इमारत कृष्णवर्णीयांच्या मालकीची. तिथे कुणालाही थांबता येई. तिथून ओक्लाहोमा सिटीकडे निघालं की आर्केडियाचं १८९८चं गोल लाकडी कोठार लागतं, पुढे एडमंड. या एडमंडमधल्या एका कॅफेने स्मरणवस्तू म्हणून पोस्टकार्ड छापलं होतं. गाव राहायला चांगलं आहे, वस्ती सहा हजारांची आहे आणि कृष्णवर्णीय एकही नाही, असं त्यावर अभिमानाने लिहिलेलं. ते पोस्टकार्ड आज संग्रहात आहे. पंप, कोठार आणि कॅफे एकाच रस्त्यावर, एका दुपारात पाहून होणाऱ्या अंतरात. शिक्के गोळा करणाऱ्याने हे तिन्ही एकत्र लक्षात ठेवावे असं मला मनापासून वाटतं. स्मरणवस्तू काय आठवायला लावते आणि काय झाकते, ते इथे डोळ्यांसमोर येतं.

आणि खरा नाकाही या रस्त्यावर एकदा बसला होता. फेब्रुवारी १९३६मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ शिपाई शहराबाहेर, थेट कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवरच्या प्रवेशमार्गांवर पाठवले. खिशात पैसे नाहीत, काम ठरलेलं नाही, अशा माणसाला मागे फिरवायचं. स्वतःच्याच देशात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना. धुळीतून पळून आलेल्या किती कुटुंबांनी त्या आठवड्यांत वाळवंटाच्या कडेला गाड्या वळवल्या असतील! पुढे १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने एडवर्ड्सच्या खटल्यात निकाल दिला की गरीब माणसाला राज्यात आणणं हा गुन्हा ठरवता येणार नाही. खेळण्यातला पासपोर्ट आज आपण हसत पुढे करतो, तो या निकालानंतरच्या रस्त्यावर.

भारतीयांचा या थांबण्याच्या गोष्टीत मोठा वाटा आहे, आणि तो गुजराती माणसाचा. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक हॉटेल-मोटेलांची मालकी भारतीय वंशाच्या लोकांकडे आहे, त्यांत पटेल सर्वांत जास्त. आंतरराज्य महामार्गांनी ६६वरची मोटेलं ओस पाडली, किमती उतरल्या, तेव्हा भांडवल थोडं आणि घरची सगळी माणसं कष्टाला तयार, अशा कुटुंबांनी ती घेतली. काउंटरमागच्या दोन खोल्यांत राहायचं, चादरी स्वतः धुवायच्या, रात्री घंटी वाजली की उठायचं. त्यांच्या शेजारच्या मोटेलांनी तेव्हा ‘मालक अमेरिकन’ अशा पाट्या लावल्या. पाटीचा अर्थ सगळ्यांना कळत होता. आज त्याच पटेलांतल्या काहींनी रस्त्याचा वारसा जपला आहे. सॅन बर्नार्डिनोजवळचं विगवॅम मोटेल, जिथे काँक्रीटच्या शंकूसारख्या तंबूंत झोपायला मिळतं, १९४९ चं. ते पार अवकळेला गेलं होतं. २००३ साली एका पटेल कुटुंबाने ते घेतलं आणि पुन्हा उभं केलं. मराठी बोलणारा प्रवासी अशा काउंटरशी पोचला की हिंदीत गप्पा सुरू होतात, आणि चहा कपात येतो तो आल्याचा.

त्या तंबूंबद्दलही थोडं बोलायला हवं. मैदानी प्रदेशातल्या काही जमातींची ती घरं. ॲरिझोनातल्या नवाहो किंवा होपी लोकांची नव्हेत. पण पाहुण्याला ‘इंडियन’ म्हटल्यावर जे चित्र हवं असे, ते दुकानदारांनी सिमेंटमध्ये उभं केलं. रूट ६६ पंचवीसहून अधिक मूलनिवासी राष्ट्रांच्या भूमीतून जातो. त्यांच्या पर्यटन संघटनेने उद्यान सेवेबरोबर आता स्वतःची मार्गदर्शिका काढली आहे, कुठे जावं, कुठे विचारल्याशिवाय फोटो काढू नये, हे त्यात त्यांनीच सांगितलं आहे. पासपोर्टच्या वहीशेजारी ही मार्गदर्शिका असली पाहिजे. तिसरं पुस्तक जेरी मॅक्लॅनहनचं ‘ईझी ६६’. ओक्लाहोमातल्या चँडलर गावचा हा चित्रकार. त्याने पुसलेल्या रस्त्याचं प्रत्येक वळण, डावं की उजवं, स्प्रिंगच्या वहीत नोंदवून ठेवलं आहे. मोबाइलचा नकाशा सारखा महामार्गाकडे ओढतो. हे पुस्तक ओढत नाही.

ओक्लाहोमानंतर टेक्सास लवकर संपतं. शॅमरॉकचा १९३६चा पंप, अमरिलोजवळ शेतात नाकाने पुरलेल्या दहा कॅडिलॅक, आणि एड्रियन, रस्त्याचा मध्य मानलं जाणारं गाव. न्यू मेक्सिकोत तुकुमकारीच्या मोटेलांचं निऑन. ॲल्बकर्कीत एक कोपरा असा आहे, सेंट्रल आणि फोर्थ, जिथे हा रस्ता स्वतःलाच छेदतो. १९३७ पर्यंत तो सांता फेला वळसा घालून उत्तरेकडून येई, नंतर सरळ पूर्व-पश्चिम जाऊ लागला. दोन्ही काळांचे ६६ या एका चौकात भेटतात. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे. जुन्या ६६चा तुकडा पोटात घेतलेलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. डांबर केव्हाच गेलं आहे, टेलिफोनच्या खांबांची रांग उरली आहे आणि १९३२ ची एक गंजलेली स्टुडबेकर तिथे ठेवली आहे. उद्यानाच्या केंद्रात तारखेचा गोल शिक्का मिळतो. पुढे सेलिगमन, किंगमन आणि ओटमनचा घाट. सोन्याच्या खाणी बंद पडल्यावर सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज ओटमनच्या रस्त्यात गाडीच्या खिडकीत तोंड घालतात.

कॅलिफोर्नियाची पानं मात्र भरायला कठीण जातात. मोहावे वाळवंटात पावसाचं पाणी डोंगरावरून एकदम उतरतं, म्हणून १९३० च्या सुमारास तिथे छोटे लाकडी पूल बांधले गेले. शंभराहून अधिक. त्यांतले बरेच अजून तेच आहेत. पुराने काही खचले, काहींवरून गाडी नेणं धोक्याचं झालं, आणि गेल्या काही वर्षांत काउंटीने मैलच्या मैल रस्ता बंद ठेवला आहे. या पट्ट्यातच अंबॉय आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला महामार्ग बाजूने गेला आणि गाव रिकामं झालं. २००५ साली अल्बर्ट ओकुरा या कोंबडीच्या हॉटेलांच्या व्यावसायिकाने अख्खं गाव विकत घेतलं, पंप सुरू केला आणि रॉईज या मोटेलची प्रचंड पाटी पुन्हा पेटवली. ओकुरा २०२३ मध्ये गेले. पाटी आहे, पंप आहे, थंड पेय मिळतं. त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता तुटका आहे.

शताब्दीसाठी समित्या झाल्या आहेत, मिरवणुका ठरल्या आहेत, नवे शिक्के कोरले गेले आहेत. माझ्या मते पैसा आधी या लाकडी पुलांवर लागायला हवा. शिकागो किंवा सांता मोनिकाला प्रवासी कमी पडणार नाहीत. सांता मोनिकाच्या धक्क्यावर शेवटची पाटी लावून झाली, ती २००९ पासून तिथे आहे आणि तिच्यापुढे फोटोसाठी रांग असते. अंबॉयला गिऱ्हाईक हवं असेल तर पूर्वेकडून रस्ता मोकळा हवा. तोवर नीडल्सहून येणाऱ्याने आधी बंद तुकड्यांची चौकशी करावी, महामार्ग ४० धरावा, केल्बेकर रोडच्या फाट्याला दक्षिणेकडे उतरावं आणि जुना रस्ता लागला की उजवीकडे वळावं. टाकी आधी भरून घ्यावी, पाणी जास्तीचं ठेवावं. अंबॉय तिथून काही मैलांवर आहे.